मदत हवी आहे: स्प्रिंगच्या एअर रायफलीवर स्कोपचे माउंट मागे सरकतात

नमस्कार.

माझ्याकडे ४.५ मि.मी. म्हणजे .१७७ बोअरची, नळी मोडून भरायची स्प्रिंग-पिस्टन एअर रायफल आहे. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून तिच्या आधाराने २५ मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरायचा, एवढाच माझा छंद आहे. रायफलीवर ३-९ × ४० चा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) दोन सुट्या माउंटांवर, म्हणजे तो रायफलीला धरून ठेवणाऱ्या पकडींवर, बसवला आहे. अडचण अशी की सुरुवातीला नाण्याएवढ्या जागेत बसणारा ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) हळूहळू फुटू लागतो, आणि शेवटी पाहावे तर दोन्ही माउंट डव्हटेलवरून (रायफलीच्या वर कोरलेल्या, माउंटचे जबडे पकडतात त्या उतरत्या कडांच्या पट्टीवरून) मागे, डोळ्याच्या दिशेने, सरकलेले असतात.

नेमके काय सरकते हे आधी निश्चित व्हावे म्हणून मी पांढऱ्या नेलपॉलिशने दोन बारीक रेघा ओढल्या: एक स्कोपच्या नळीवरून माउंटच्या वरच्या, स्कोप धरणाऱ्या रिंगवर येणारी, दुसरी माउंटच्या बुडावरून डव्हटेलवर उतरणारी. अर्धी डबी छर्रे उडवल्यावर वरची रेघ अखंड होती. खालची मात्र तुटून तिचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर गेले होते, आणि पुढच्या माउंटसमोर डव्हटेलच्या अगदी वरच्या कडेवरचे काळे पॉलिश केसाएवढ्या पट्टीत खरवडून निघाले होते. त्यामुळे रिंगची पकड ठीक आहे आणि दोष डव्हटेलवरच्या पकडीतच आहे, असे मी खात्रीने म्हणू शकतो. दस्त्याचे स्क्रूही तपासले, कारण अशा रायफलींत ते ढिले झाले तरी ग्रुप असाच फुटतो. ते घट्ट आहेत.

स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दुहेरी असतो. चाप ओढल्यावर पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे जाते, आणि सिलिंडरच्या टोकाशी दाबल्या गेलेल्या हवेवर आपटून पिस्टन थांबतो तेव्हा रायफलीला पुढच्या दिशेने जबर हिसका बसतो. रायफल अशी झटक्यात पुढे गेली की जागच्या जागी राहू पाहणारा स्कोप तिच्या मानाने मागे पडतो. काडतुसाच्या रायफलीत नेमके उलट घडते: रायफल मागे येते आणि स्कोप पुढे सरकू पाहतो. म्हणूनच माउंटचा आडवा बोल्ट रायफलीवरच्या पट्टीतल्या आडव्या खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मग आवळावा, हा काडतुसाच्या रायफलींसाठीचा योग्य सल्ला इथे लागू पडत नाही. इथे अडवणूक मागच्या बाजूनेच व्हायला हवी. सल्ला देताना बरेच जण ही दिशाच सांगत नाहीत आणि माझ्या मते सगळा घोळ तिथून सुरू होतो.

डव्हटेल आणि माउंटचे जबडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढला आहे. स्क्रूच्या आट्यांना मध्यम ताकदीचे निळे लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक) लावले असून रिंगचे स्क्रू माउंटच्या पत्रकाप्रमाणे २ न्यूटन-मीटरवर आवळले आहेत. ‘आणखी आवळा’ असे मला सांगण्यात आले, पण ते पटत नाही. लॉकटाइट स्क्रू सैल होऊ देत नाही, जबड्याची घसरण ते थांबवू शकत नाही. आणि बेसुमार आवळले तर ॲल्युमिनियमच्या माउंटचे आटे जातील किंवा स्कोपची नळी चेपेल.

जवळच्या शूटिंग क्लबातल्या प्रशिक्षकांनी आपुलकीने ऐकून घेतले, परंतु त्यांचा सारा अनुभव ऑलिंपिक प्रकारांचा आहे. स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात किंवा १० मीटर एअर रायफलमध्ये दुर्बीण वापरता येत नाही, बारीक छिद्रातून नेम धरायची पीप साइट असते. शिवाय १० मीटरच्या आजच्या रायफली आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालतात आणि त्यांना धक्का जवळपास नसतोच. म्हणून इथे विचारत आहे.

काही माउंटांच्या बुडाला एक पिन असते आणि ती रायफलीवरच्या भोकात उतरून माउंटला मागे जाऊ देत नाही. माझ्या रायफलीला असे भोक नाही. ओळखीचे एक लेथवाले ते पाडून द्यायला तयार आहेत. पण डव्हटेल थेट सिलिंडरच्या भिंतीतच कोरलेले आहे, आणि ड्रिल थोडे जरी खोल गेले तरी ज्या नळीत पिस्टन धावतो तिलाच छिद्र पडेल. हा धोका पत्करू नये असे माझे मत आहे. कुणी असे काम सुरक्षितपणे करून घेतले असल्यास भिंतीची जाडी कशी मोजली, ते कृपया लिहावे.

दुसरा पर्याय म्हणजे मागच्या माउंटला टेकवून एक स्वतंत्र स्टॉप ब्लॉक आवळणे. तोही शेवटी घर्षणावरच उभा राहणार, तेव्हा प्रत्यक्षात तो टिकतो का? की अधिक स्क्रू असलेला, लांब जबड्याचा एकसंध माउंट घेणे बरे?

खरवडलेली पट्टी केवळ वरच्या कडेला आहे, त्यावरून जबडा उतारावर पूर्ण न बसता कडेवरच चावत असावा, अशी मला शंका आहे. डव्हटेल ११ मि.मी. चे म्हणून विकले जात असले तरी रुंदी आणि उताराचा कोन सर्वत्र सारखा नसतो. व्हर्निअरने रुंदी मोजता येते. कोन जुळतो की नाही हे घरच्या घरी कसे तपासावे? जबड्याला निळी शाई लावून ठसा पाहणे पुरेसे आहे का? आणि वजनदार स्कोप काढून हलका बसवल्यावर सरकणे थांबल्याचा अनुभव कुणाला असेल, तर दोन्ही स्कोपांची वजने अवश्य द्यावीत.