ऑटोमॅटिकचा रेडिएटर मॅन्युअल गाडीला बसंल का?

लातूरकर_पेट्रोल:
राम राम मंडळी. गाडी २००९ ची पेट्रोल सेडान, मॅन्युअल. परवा बीडहून येताना मांजरसुंभ्याच्या घाटात काटा वर गेला, बोनेट उघडलं तर रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीला चीर अन् निम्मं पाणी रस्त्यावर. संभाजीनगरहून नवा मागवला, खोका उघडला तर खालच्या टाकीला दोन पितळी नळ्या जास्तीच्या, टोपणं लावलेल्या. दुकानवाला म्हणतो हा ऑटोमॅटिकचा आहे पण साईज सेमच, बसवून टाका, परत घेणार नाही. मिस्त्री म्हणायलाय नळ्या वेल्डिंगनं बंद करू. मला काय सुधरंना. बसवू का भांडू?

परभणीचा_पाना:
बसवा बिनधास्त. वेल्डिंगचं तेवढं डोक्यातून काढा, टाकी प्लॅस्टिकची आहे राव, वितळून जाईल. त्या नळ्यांतून कूलंट जातच नाही. टाकीच्या आत एक बंद कूलर असतो, ऑटोमॅटिकमधी गिअरबॉक्सचं गरम तेल एका नळीतून आत येतं, कूलंटमधी थंड होऊन दुसरीतून वापस जातं. तुमच्या गाडीला तेलाची लाईनच नाही, मग तो कूलर नुसता पडून राहील. खात्री करायची तर एका नळीत फुंकर मारा, हवा दुसरीतून आली पाहिजे, रेडिएटरच्या तोंडातून आली तर मात्र पीस खराब. टोपणं राहू द्या, धूळ जात नाही. अन् नळीच्या बुडाशी जो नट आहे ना त्याला पाना लावूच नका, वायसर त्यानंच दाबलेलं असतं, ढिलं झालं की तिथून गळाया लागतंय.

नांदेड_स्टेअरिंग:
उलटं मात्र करू नका कुणी. आमच्या दाजींच्या ऑटोमॅटिकला एकानं मॅन्युअलचा बसवून दिला, तेलाच्या दोन्ही लायनी पाईपच्या तुकड्यानं एकमेकीला जोडल्या, म्हणे चालतंय. उन्हाळा लागला अन् गिअर स्लिप व्हायले, तेल काढलं तर काळंकुट्ट, जळका वास. तसंच बसवायचं असलं तर तेलाचा वेगळा कूलर बाहेरून लावावा लागतो.

जालन्याचा_एएमटी:
माझी एएमटी आहे, मला पण ऑटोमॅटिकचाच घ्यावा लागंल का?

परभणीचा_पाना:
नाही ओ. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं अन् गिअर टाकायचं काम फक्त मशीन करतंय. तेल थंड करायची लाईन त्यात नसते. जुन्यावरचा पार्ट नंबर बघून घ्या म्हणजे झालं.

लातूरकर_पेट्रोल:
बसला बघा! एक नळी फॅनच्या कव्हरला घासायली होती, कव्हरचा कोपरा गरम सुरीनं कापला. मिस्त्री बोअरच्या पाण्याची बादली घेऊन तयारच होता, जुन्या रेडिएटरमधून खडूच्या भुकटीसारखा पांढरा क्षार निघाला तो त्याच्या तळहातावर ठेवला तेव्हा बादली खाली ठेवली. कूलंट अन् डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं, थंड इंजिनवर झाकण काढून गाडी चालू ठेवली, फॅन दोनदा लागेपर्यंत हवा बुडबुड करत निघत होती. काल अंबाजोगाईपर्यंत एसी लावून गेलो, काटा अर्ध्यालाच. फुंकरीची टेस्ट मिस्त्रीला लई आवडली, आता गॅरेजवर येईल त्याला जुना रेडिएटर दाखवून नळ्या नसल्या तरी समजावून सांगायलाय.