रिपोर्ट नॉर्मल, पण हात आपला वाटत नाही: बाळंतपणानंतरचे अनुभव

ठाणे, वर्तकनगर (धागा सुरू करणारी)

बाळ अकरा दिवसांचं होतं. दुपारी पाळण्याची दोरी ओढत होते आणि एकदम जाणवलं की उजव्या हाताच्या बोटांना दोरी लागतच नाहीये. दिसत होती, हात हलत होता, पाळणाही हलत होता, पण बोटांवर जाड हातमोजा चढवल्यासारखं झालं होतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळपाय पेटल्यासारखे झाले. आई म्हणाली, वारा लागला असेल. कानाला रुमाल आणखी घट्ट झाला, खाटेखाली शेगडी आली.

पुढचे चौदा महिने तपासण्यांत गेले. एमआरआय, नसांची तपासणी, थायरॉइड सगळं नॉर्मल. फक्त बी-१२ निघालं १६८, ते दोनशेच्या वर हवं होतं. आम्ही पक्के शाकाहारी, त्यामुळे तसं नवल नव्हतं. इंजेक्शनं घेतली आणि पायांची आग गेली. हाताचा बधिरपणा मात्र तसाच राहिला. तिसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी सरळ सांगितलं, "अर्ध्याचं कारण सापडलं, अर्ध्याचं नाही. नाही सापडलं म्हणून तुम्हाला ते होत नाहीये असं मी म्हणणार नाही." त्या वाक्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये रडले. तोवर सगळ्यांनी "पहिलटकरीण आहे, घाबरते" एवढंच म्हटलं होतं.

त्यांच्याकडे जाताना मी दोनशे पानी वही नेली होती. तारीख, वेळ, कुठली बाजू, किती मिनिटं, आदल्या रात्री झोप किती. डॉक्टरांनी दहा मिनिटं ती वाचली. माझ्या बोलण्याला जे वजन कधी आलं नाही ते त्या वहीला आलं. म्हणून म्हणते, इथे लिहा. नाव नको, राहण्याचा भाग पुरे.

एक गोष्ट मात्र आधी. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, नजर अंधुक होणं, झटका, एका बाजूची ताकद जाणं, बोलताना जीभ जड होणं, यातलं काही होत असेल तर हा धागा वाचत बसू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. आणि घरात बीपीचं मशीन असेल तर लावून बघा. बाळंतपण झालं म्हणजे बीपीचा धोका संपला असं नसतं, पुढचे सहा आठवडे तो असतो. १४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

ऐरोली, मुलगी ३ वर्षांची

माझं सिझेरियन, पाठीत इंजेक्शन देऊन. तिसऱ्या दिवशी पाजायला उठून बसले आणि मानेपासून कपाळापर्यंत कळ गेली. आडवी झाले की पाच मिनिटांत काहीच नाही, पुन्हा बसले की पुन्हा कळ. घरच्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मी आडवी पडूनच पाजत राहिले. मला वाटलं, टाक्यांचं दुखणं वर चढतं आहे.

सातव्या दिवशी टाके बघायला गेले तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला खुर्चीत वाकलेलं बघूनच ओळखलं. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतं आणि बसल्यावर मेंदूला आधार कमी पडतो. आधी भरपूर पाणी, कॉफी, आराम करून पाहिलं. चार दिवसांत उतरलं नाही तेव्हा त्यांनी माझ्याच हातातलं रक्त काढून पाठीत त्या जागी सोडलं. त्याने भोक बुजतं म्हणे. तासाभराने मी उठून बसले आणि मांडीवर बाळ घेऊन चहा प्यायले.

"बसल्यावर वाढतं, आडवं झाल्यावर जातं" हे एवढंच मी पहिल्या दिवशी हॉस्पिटलला फोनवर सांगायला हवं होतं. मी फक्त "डोकं दुखतंय" म्हणत होते.

खारघर (नवरा लिहितो आहे)

वरचं वाचून लिहितोय, कारण बायकोची डोकेदुखी तशी नव्हती. आडवं झाल्यावर ती वाढायची. बाराव्या दिवसापासून सुरू झाली. बाळ रात्रभर जागवतं, झोप नाही, म्हणून दुखत असेल असं आम्ही दोघांनीही धरलं. पंधराव्या रात्री तिचा उजवा हात आपोआप उडायला लागला. ती शुद्धीत होती, माझ्याकडे बघत म्हणाली, "अरे, हा थांबत नाहीये." मग पूर्ण झटका आला.

पहिल्या हॉस्पिटलात साधा सीटी स्कॅन केला, ठीक आहे म्हणाले, झोपेची गोळी दिली. पहाटे पुन्हा झटका. सायन-पनवेल हायवेने दुसरीकडे नेलं. तिथे मेंदूच्या नीलांचा वेगळा एमआरआय केला, त्यात गुठळी दिसली. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, त्यात अंगात पाणी कमी असेल तर धोका वाढतो, असं डॉक्टर म्हणाले. आमच्याकडे तिला पाणी मोजून दिलं जात होतं. दिवसाला तीन भांडी, तीही कोमट.

पोटात हेपॅरिनची इंजेक्शनं, मग सहा महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. पाजायची परवानगी होती, तो तिला मोठा आधार वाटला. आज ती ठीक आहे. सही करताना अजून हात किंचित थांबतो, तेवढंच.

कळवा (सासूबाई)

सुनेने वाचून दाखवलं. आमच्याकडेही पाणी मीच कमी देत होते. आमच्या वेळी ओल्या बाळंतिणीला घसा ओला होण्यापुरतं पाणी मिळायचं, पोट सुटतं म्हणायचे. हिला नुसती चक्कर यायची, देवाची कृपा. आता भरलेला तांब्या तिच्या उशाशी असतो. डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर चालूच आहे, त्यात काही वाईट नाही.

ठाणे, वर्तकनगर

आजी, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. खूप घरांत हे सांगायला सुनेचं तोंड उघडत नाही.

कोपरखैरणे, मुलगा दीड वर्षाचा

सहाव्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून गळलं. डावा डोळा मिटेना. तोंडावरून वारं गेलं म्हणून दोन दिवस लेप आणि मंत्र. बेल्स पाल्सी निघाली, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं. स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो, मी कशीबशी त्या वेळेत पोचले. डोळ्यात थेंब, रात्री पापणीवर चिकटपट्टी. तीन महिन्यांत चेहरा सरळ झाला. बारशाच्या सगळ्या फोटोंत मी बाळाला गालाशी धरलंय, तोच गाल झाकायला.

उलवे, मुलगी २०२१ ची

माझं बाळ पाच महिन्यांचं असताना उजवा पाय ओढत चालायला लागले. सकाळी ठीक, दुपारी पाय लाकडाचा. तीन डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "टेन्शन घेऊ नका" सांगितलं. घरी त्याचा अर्थ "ही नाटक करते" असा झाला. नवरा बोलला नाही, पण त्याने विचारणं सोडलं. ते जास्त लागलं.

चौथ्या डॉक्टरांनी मला पाठीवर झोपवलं. म्हणाले, उजवी टाच गादीत दाबा. दाबली, जोर शून्य. मग म्हणाले, आता डावा पाय वर उचला. मी डाव्याकडे लक्ष देऊन तो उचलला आणि त्यांचा हात उजव्या टाचेखाली होता. टाच आपोआप खाली दाबली गेली, चांगल्या जोराने. त्यांनी नवऱ्याला बोलावून त्याचा हात तिथे ठेवला आणि पुन्हा करून दाखवलं. "तार शाबूत आहे. निरोप जाताना अडतोय. हे ती मुद्दाम करत नाहीये." ही तपासणी १९०८ पासून माहीत आहे म्हणे. आजाराचं नाव फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर.

परतताना गाडीत नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला हाताला लागलं ते."

इलाज म्हणजे फिजिओ आणि समुपदेशन. उलटं चालायचं, गाणं म्हणत चालायचं, पायाकडे बघायचं नाही. लक्ष पायावरून हटलं की पाय चालतो. सात महिन्यांनी उलव्याहून बसने एकटी बेलापूरला गेले. झोप मोडली की अजून पाय जड होतो. पण "काही नाहीये" आणि "हे हे आहे" यांत माझं अख्खं घर बदललं.

नेरुळ (फिजिओथेरपिस्ट)

माझ्याकडे येणाऱ्या बाळंतिणींत तीन गोष्टी सारख्या दिसतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिर चकती, लांबलेल्या कळांनंतर पाऊल न उचलणं, आणि बाळाला अंगठा ताठ करून उचलल्याने मनगटाजवळ कळ. बहुतेकांचं आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं, पण पाऊल लोंबकळत असेल तर तपासून घ्याच.

आणि कळकळीची विनंती, बधिर जागेला शेगडीचा शेक देऊ नका. एका मुलीच्या मांडीवर रुपयाएवढे दोन फोड आले होते. तिला चटका कळलाच नाही, साडी बदलताना दिसले. मालीशवाल्या मावशींनाही ती जागा आधी दाखवून ठेवा.

ठाणे, कोपरी

मला अजून काहीच कारण मिळालेलं नाही. डाव्या दंडापासून करंगळीपर्यंत मुंग्या, कधी अर्धा चेहरा. २६ आठवड्यांची रजा संपली. आता ठाणे-वाशी लोकलमध्ये उभी असताना हात दांडीवर आहे की सुटला, हे डोळ्यांनी बघून खात्री करते. रात्री मनात वाईट विचार यायला लागले तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर बोलले, मराठीत. हाताचं काही झालं नाही, पण त्या रात्री झोपले.

वही आजपासून करते. एक विचारायचं होतं. आंघोळीला पहिला गार तांब्या पडला की ती जागा चार-पाच सेकंद जागी होते, मग पुन्हा झोपते. अजून कुणाला होतं का असं? डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो.

ठाणे, वर्तकनगर

मला होतं. माझ्या वहीत तिसऱ्या पानावर आहे, "गार पाणी, ५ सेकंद". तुम्ही पहिल्याच पानावर लिहा आणि डॉक्टरांसमोर तेच पान उघडा.