मदत हवी आहे: उपविभागणी, सुधारित अभिन्यास, पोहोच रस्ता... नगरपरिषदेला नक्की हवंय तरी काय?

उत्तराभिमुख
नमस्कार मंडळी. घाईत आहे, थोडक्यात लिहितो. वडिलांच्या नावचा प्लॉट आम्हा दोघा भावांत वाटून घेतला. पुढचा भाग धाकट्याला, मागचा मला. मी घर बांधायला परवानगी टाकली तर फाइल त्रुटी काढून परत. पत्रातला मजकूर असा: "मंजूर उपविभागणी दिसून येत नाही. मागील भागास पोहोच रस्ता नाही. सुधारित अभिन्यास सादर करावा. सन्मुख रस्त्याची रुंदी मंजूर अभिन्यासाप्रमाणे दर्शवावी."
वाटणीपत्र रजिस्टर केलंय, मुद्रांक भरलाय, मग उपविभागणी नाही म्हणजे काय? अभिन्यास म्हणजे लेआउटच ना, प्लॉट आणि रस्ते पाडलेला नकाशा? तो कधीचाच मंजूर आहे, तो आम्ही का सुधारायचा? इंजिनिअर फोन उचलत नाही. कुणीतरी सरळ भाषेत सांगा. नियमावलीतल्या व्याख्या इथे आणून चिकटवू नका, त्या वाचून झाल्यात.

मोजणीदार
सातबारा आहे की मिळकत पत्रिका? प्लॉट केवढा, रस्त्याकडचं तोंड किती? लेआउट अंतिम मंजूर आहे की तात्पुरता? मोजणीची क प्रत (भूमी अभिलेखने मोजणीनंतर दिलेला हद्दीचा नकाशा) आहे का? एवढं नसेल तर उत्तर देणारा अंदाजपंचेच बोलणार.

उत्तराभिमुख
रस्त्याच्या अर्थाशी मिळकत पत्रिकेचा काय संबंध? असो. मिळकत पत्रिका आहे, दोघांची नावं लागलीत. 15 मीटर तोंड, 30 मीटर खोल. लेआउट मंजूर आहे असं वडील म्हणायचे.

बोळवाला
एवढं काही नसतं हो. माझ्या काकांचं घर अडीच मीटरच्या बोळात आहे, त्यांना रीतसर परवानगी मिळाली. तुमचा इंजिनिअर बदला.

रेखांकन
बोळवाले, तुमच्या काकांचं घर गावठाणात असणार. गावठाण, दाट वस्ती यांचे नियम निराळे असतात, तिथे जुने बोळ गृहीत धरलेले असतात. यांचा प्लॉट लेआउटमधला आहे. तो नियम इथे लावू नका.

कलमबहाद्दर
भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882, कलम 13 वाचा. वाटणीमुळे मागचा हिस्सा अडकला तर पुढच्या हिश्शातून जाण्याचा हक्क कायद्यानेच मिळतो. वहिवाट वीस वर्षांची असेल तर कलम 15 आहेच. नगरपरिषद अडवू शकत नाही. नोटीस द्या.

रेखांकन
कलमबहाद्दर, तो हक्क भावाभावातला. भावाने फाटकाला कुलूप लावलं तर कोर्टात कामी येईल. परवानगी देणारा मात्र मागच्या भूखंडाला मान्य रुंदीचा पोहोच मार्ग मिळतो का, एवढंच बघतो. जायचा हक्क सिद्ध झाला म्हणजे बांधायची परवानगी मिळाली असं होत नाही.

उत्तराभिमुख, आता तुमचं.
वाटणीपत्राने मालकी वाटली गेली. मिळकत पत्रिकेवर दोन नावं आली. पण मंजूर लेआउटच्या नकाशावर तो अजून एकच भूखंड आहे, एका नंबरचा. त्या नंबरचे दोन भूखंड करायला नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे तुमच्या नगरपरिषदेची, मंजुरी लागते. 1966 च्या नगररचना अधिनियमाखाली ती घ्यायची, आणि नियम डिसेंबर 2020 पासूनच्या एकत्रित नियमावलीचे, ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला याचा या मंजुरीशी संबंध नाही. तिथे मुद्रांक आणि सह्या बघतात, रस्ता बघत नाहीत.
उपविभागणी आणि लेआउट यांत व्यवहारात फरक असा: असलेल्या रस्त्यावर दोन्ही तुकड्यांना तोंड मिळत असेल तर ती साधी उपविभागणी. एखाद्या तुकड्यापर्यंत पोचायला नवा रस्ता काढावा लागला की मूळ लेआउटचा नकाशाच बदलतो. म्हणून तुमच्याकडे "सुधारित अभिन्यास" मागितलाय. मागच्या भागाला जाण्यासाठी तुम्ही काय दाखवलंय?

उत्तराभिमुख
भावाच्या बाजूने 3 मीटरची पट्टी सोडलीय. वाटणीपत्रात "सामाईक वहिवाट" असं स्पष्ट लिहिलंय. गाडी आरामात जाते.

कलमबहाद्दर
मग प्रश्नच मिटला! मी तेच म्हणतोय.

मोजणीदार
कसला मिटला? निवासी लेआउटमध्ये 150 मीटर लांबीपर्यंतच्या अंतर्गत रस्त्यालासुद्धा 9 मीटर रुंदी लागते. 3 मीटरची वहिवाट म्हणजे त्यांच्या लेखी पायवाट.

नुसताच_वाचक
गुंठेवारीत का नाही टाकत? आमच्या ओळखीत एकाचं झालं.

रेखांकन
गुंठेवारीचा 2001 चा कायदा विनापरवाना पाडलेल्या प्लॉटांसाठी आहे. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या कामांना वाढवली. यांचा प्लॉट मंजूर लेआउटमधला आहे. चांगल्या प्लॉटला स्वतःहून अनधिकृतात कुठे नेता?

माळावरचा
माफ करा, मध्येच विचारतो. आमच्या शेताला जायला रस्ताच नाही, शेजारचा बांध फोडू देत नाही. पोहोच रस्ता म्हणून नगरपरिषदेकडे अर्ज करू का?

मोजणीदार
तुमचं प्रकरण वेगळं आहे भाऊ. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143, तहसीलदाराकडे. आधीपासून असलेला रस्ता कुणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, नाहीतर इथे कुणालाच काही सापडणार नाही.

उत्तराभिमुख
माझ्या प्रश्नावर या. रस्त्याची रुंदी "मंजूर अभिन्यासाप्रमाणे" म्हणजे काय? काल टेप लावून मोजला. समोरच्यांच्या ओट्यापासून आमच्या कंपाउंडपर्यंत 6.20 मीटर भरला. तेवढाच नकाशावर टाकलाय. खोटं लिहू का?

रेखांकन
खोटं लिहायचं नाही, आणि ओट्यापासून मोजायचंही नाही. रस्त्याची रुंदी समोरासमोरच्या भूखंडांच्या हद्दींमधली धरतात. डांबर, साइडपट्टी, गटार, फुटपाथ सगळं त्यात आलं. लेआउटमध्ये रस्ता 9 मीटर असेल आणि जागेवर 6.20 भरत असेल, तर उरलेले 2.80 मीटर ओट्यांनी, पायऱ्यांनी आणि बहुधा तुमच्याही कंपाउंडने खाल्लेत. हद्दीचे दगड शोधा. सापडले नाहीत तर भूमी अभिलेखकडे मोजणी टाका. तुमचं पुढचं सामासिक अंतरही (घर आणि हद्द यांत मोकळं सोडायची जागा) या हद्दीपासूनच मोजणार, डांबराच्या कडेपासून नाही.

मोजणीदार
+1. आणि मोजणीच्या दिवशी समोरच्या ओटेवाल्यांना घरी थांबायला सांगा. नंतर ते "आम्हाला नोटीस नव्हती" म्हणतात.

बोळवाला
म्हणजे आता कंपाउंड पाडा? याला सल्ला म्हणतात?

रेखांकन
पाडा असं मी कुठे म्हटलं? हद्द कुठे आहे ते आधी कळू दे.

उत्तराभिमुख
एक राहिलं. मागून रस्ता आहेच की! आमच्या मागच्या भिंतीला लागून मोकळी वाट आहे, सगळ्या गल्लीच्या दुचाक्या तिथूनच जातात. मग पोहोच रस्ता नाही असं कसं म्हणतात?

मोजणीदार
हे पहिल्या प्रतिसादात सांगायला काय झालं होतं? ती वाट नकाशावर काय म्हणून दाखवलीय?

उत्तराभिमुख
नकाशा माझ्याकडे नाही. इंजिनिअरकडे झेरॉक्स आहे.

रेखांकन
झेरॉक्सवर रंग दिसत नाहीत. नगरपरिषदेतून मंजूर लेआउटची साक्षांकित प्रत काढा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा.

उत्तराभिमुख
प्रत मिळाली. आमच्या मागे हिरव्या रेघा मारलेला लांबट तुकडा आहे, त्यावर "खुली जागा" लिहिलंय. समोरचा रस्ता 9 मीटरच आहे. शिक्का "अंतिम मंजूर" असा आहे.

रेखांकन
मग मागचा दरवाजा विसरा. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडायला लावतात, ती ही. सगळ्या भूखंडधारकांच्या सामाईक वापराची. दुचाक्या जातात म्हणून तिचा रस्ता होत नाही.
माझ्या मते तुम्ही पुढे-मागे वाटणीच चुकीच्या दिशेने घेतलीत. 15 बाय 30 उभा चिरा. 7.5 मीटर तोंडाचे दोन भूखंड, दोघांनाही 9 मीटरच्या रस्त्यावर तोंड. नवा रस्ता नको, म्हणजे सुधारित अभिन्यासाचं लचांड नाही, साधी उपविभागणी. किमान क्षेत्र आणि रुंदीचा तक्ता तेवढा तपासून घ्या. एरवी 7.5 मीटरमध्ये दोन्ही बाजूंना अंतर सोडलं तर घर बोळकांडीसारखं होईल. म्हणून मधली भिंत सामाईक धरून जोडघर करा, मग प्रत्येकाला एकाच बाजूला अंतर सोडावं लागतं.

कलमबहाद्दर
रजिस्टर वाटणीपत्राचं काय? ते रद्द करायचं? कायद्याची काही किंमत आहे की नाही?

मोजणीदार
रद्द नाही, दुरुस्तीचा दस्त. तो कसा करायचा ते वकिलाला विचारा. तिथे तुमची कलमं कामी येतील.

ओटा_आणि_अंगण
वाटणीच नको, एकच इमारत बांधा, खाली एक भाऊ वर एक. मजले कुणाच्या नावावर कसे करायचे ते वकिलाला विचारा. आमच्याकडे दोन जावा अशाच सुखाने राहतात (बऱ्यापैकी).

उत्तराभिमुख
जोडघराचं भावाशी बोललो. पुढचं अंगण अर्धं जाणार म्हणून तो फुगलाय. त्याच्या सहीशिवाय माझ्या अर्ध्याची उपविभागणी टाकता येते का?

रेखांकन
नाही. मंजूर नकाशावर भूखंड एक आहे, मालक दोन. अर्जावर दोघांच्या सह्या लागतील. पण त्याच्याही हिश्शाला आज स्वतंत्र परवानगी मिळणार नाही, कारण पुढचा अर्धा हा वेगळा भूखंडच अजून जन्माला आलेला नाही. त्याला ते त्रुटीपत्र दाखवा, पहिलं वाक्य त्यालाही लागू आहे.

नुसताच_वाचक
बँक अशा प्लॉटवर कर्ज देते का? माझा वेगळाच प्लॉट आहे, पण विचारून ठेवतो.