मदत हवी आहे : छोट्या वर्कशॉपमध्ये नियम कुठे घट्ट ठेवावेत आणि कुठे सैल सोडावेत?

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझे सीएनसी टर्निंगचे, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथवर धातू कातण्याचे, वर्कशॉप आहे. माणसे २२, मशीन ७, पाळ्या तीन. निम्मे काम दर महिन्याला येणाऱ्या ठरलेल्या बुशांचे (आरपार गोल भोक असलेल्या धातूच्या नळकांड्यांचे) असते. उरलेले चाकणच्या ग्राहकांकडून अचानक येते, पाच-दहा नगांचे आणि परवा हवे म्हणून सांगितलेले. या दोन्ही कामांना मी एकच कार्यपद्धती लावली आणि तिथेच अडकलो आहे.

ही कार्यपद्धती एका नुकसानीनंतर आली. बुशाच्या बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, २५ मिलिमीटर मापावर एच-७ टॉलरन्स (मापात चालणारा फरक) म्हणजे वरच्या बाजूला फक्त २१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २१ हजारांश, मिळतात. इन्सर्ट (धातू कापणारे बदलता येणारे पाते) झिजून बोअर लहान येऊ लागला म्हणून एका ऑपरेटरने पाळी संपताना १० मायक्रॉनचा ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) दिला, पण तो कुठे लिहिला नाही. पुढच्या पाळीच्या माणसाने तक्त्यावरचे जुने माप पाहून स्वतःचे १५ मायक्रॉन आणखी दिले, आणि सकाळी बोअर तपासायच्या प्लग गेजची नो-गो बाजू, जी योग्य मापाच्या बोअरमध्ये जाता कामा नये, प्रत्येक बुशात सहज जाऊ लागली. मोठा झालेला बोअर पुन्हा लहान करता येत नाही, त्यामुळे ३१२ नग भंगारात गेले. त्यानंतर मी नियम केला की कोणताही बदल असो, बदलाचा फॉर्म भरायचा, त्यावर सुपरवायझर, क्वालिटी आणि माझी सही घ्यायची आणि मगच मशीन चालू करायचे.

रिजेक्शन खरोखरच कमी झाले. परंतु गेल्या महिन्यात रात्रपाळीत नेहमीचे इन्सर्ट संपले. त्याच मापाचे, त्याच ग्रेडचे, दुसऱ्या कंपनीचे इन्सर्ट कपाटात होते. आमच्याकडे १९ वर्षे काम करणारे मामा ते हातात घेऊन बसून राहिले, कारण सही करणारे कोणी नव्हते. त्यांनी नियम पाळला, म्हणून त्यांना बोल लावण्याचा प्रश्नच नाही. चूक माझ्या नियमात आहे असे मला मनापासून वाटते. माल एक दिवस उशिरा गेला आणि ग्राहकाने पुढची तातडीची ऑर्डर दुसरीकडे दिली.

थोडे वाचन केले आहे. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत सहा लेखी कार्यपद्धती सक्तीच्या होत्या. २०१५ च्या आवृत्तीत ती सक्ती गेली आणि किती लिहून ठेवायचे हे बऱ्याच अंशी आपल्यावर सोपवले गेले. वाहन उद्योगाचे आयएटीएफ १६९४९ मानक तर पर्यायी पद्धतींची यादी आधीच करायला, त्यांतला धोका तपासून मंजुरी घ्यायला आणि पर्याय चालू असेपर्यंत त्यावर रोज नजर ठेवायला सांगते. म्हणजे रात्री निर्णय घेण्याऐवजी दिवसा, शांतपणे, तो आधीच घेऊन ठेवायचा. ही कल्पना मला पटली आहे.

माझा कच्चा विचार असा आहे. ड्रॉइंगवरचे माप, मटेरियल आणि हीट ट्रीटमेंट यांना तीन सह्यांशिवाय हात लावायचा नाही. चाचणी घेतलेल्या पर्यायी इन्सर्टची यादी कपाटाच्या दारावर लावायची. यादीतले इन्सर्ट ऑपरेटरने स्वतः बसवावे, पहिला नग तपासावा आणि जॉब कार्डवर (कामासोबत फिरणाऱ्या नोंदीच्या कार्डावर) नोंद करावी. ऑफसेटलाही सही नको, मात्र मशीनवरच्या तक्त्यात वेळ आणि आकडा लिहिल्याशिवाय पाळी सोपवायची नाही.

यात तीन ठिकाणी माझे अडते. ऑपरेटरने स्वतःच्या अधिकारात एका वेळी किती ऑफसेट द्यावा, ही मर्यादा टॉलरन्सच्या प्रमाणात ठरवावी की प्रत्येक जॉबसाठी वेगळी? पाच नगांच्या नव्या कामाला, जिथे यादी तयार व्हायच्या आतच काम संपते, किमान कोणती नोंद पुरेशी आहे? आणि तात्पुरती म्हणून दिलेली सवलत हळूहळू कायमची होऊन बसते, ती वेळेवर बंद कशी करता?

ज्यांनी २०-३० माणसांच्या वर्कशॉपमध्ये हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा. कोणाच्या तक्त्याचा किंवा जॉब कार्डाचा कोरा नमुना पाहायला मिळाला तर फार उपयोग होईल. गुरुवारी आमची सुट्टी असते. भोसरी किंवा चाकण भागात कोणी प्रत्यक्ष दाखवणार असेल तर मी सुपरवायझरला घेऊन येईन.