चौथी ते सातवीच्या मुलांच्या हाती भुताच्या गोष्टी द्याव्यात का?

धागाप्रस्ताव : ग्रंथमित्र, अमळनेर
आमच्या बालवाचनालयातून भुताच्या गोष्टींची पुस्तके काढून टाकावीत, अशी सूचना काही पालकांनी केली आहे आणि मला ती मान्य नाही. खळ्यावर किंवा अंगणातल्या खाटेवर पडून मुंजा, हडळ आणि चकवा यांच्या गोष्टी ऐकलेल्या आपल्याकडच्या मुलांना भीतीची ओळख पुस्तकातून होत नाही. ती आधीच झालेली असते. अशा ऐकीव गोष्टीतला मुंजा पिंपळावर कायमचाच बसून राहतो, त्याच्यापुढे कोणाचेच काही चालत नाही. उलट चांगल्या बालभयकथेतल्या भुताला काही नियम असतात, ते ओळखणारे एखादे मूल गोष्टीतच असते आणि शेवटच्या पानापर्यंत त्या भीतीचा निकाल लागतो. एरंडोलजवळच्या पद्मालयाशी लोक बकासुराची कथा जोडतात. गाडाभर अन्नासोबत रोज एक माणूस खाणाऱ्या राक्षसाची ही गोष्ट मुलांना सांगताना कोणी कचरत नाही, कारण तिच्यात भीम येतो.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षिका, शहादा
बकासुर कोणाच्या शेजारी राहत नाही. डाकीण मात्र राहते, असे मानणारी माणसे आजही आहेत. सातपुड्याच्या पाड्यांवर मूल आजारी पडले किंवा जनावर दगावले, की त्याचा दोष एखाद्या बाईवर ठेवून तिला डाकीण ठरवण्याचे, मारहाण करून गावाबाहेर काढण्याचे प्रकार घडले आहेत. करणी करणारी म्हणून एखाद्या व्यक्तीचे जगणे मुश्कील करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला असून त्यासाठी ६ महिने ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. ज्या वर्गात अशा घरांतली मुले बसतात, तिथे केस मोकळे सोडलेल्या म्हातारीचे चित्र असलेले पुस्तक वाटणे मला निरुपद्रवी वाटत नाही.

घुबडाचेही तेच. १८८४ नंतर ज्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नव्हता, तो रानपिंगळा १९९७ मध्ये आमच्या शहाद्याच्या जंगलात पुन्हा सापडला. भयकथेत मात्र पिंगळ्याचा आवाज म्हणजे मरणाची वर्दी, आणि अशाच समजुतींपायी घुबडे मारली जातात.

प्रतिसाद : केळी उत्पादक, रावेर
शेतीपंपाला रात्रीची वीज आली, की पोरांना सोबत घेऊन बागेत जावे लागते. तिथे त्यांनी बिबट्या आणि साप यांच्याबद्दल सावध असावे. हडळीच्या भीतीने गांगरलेले पोर खऱ्या धोक्याकडे लक्ष देत नाही. त्यामुळे माझा विरोधच आहे.

प्रतिसाद : ग्रंथमित्र, अमळनेर
बाईंचा डाकिणीबद्दलचा मुद्दा मला पूर्ण पटतो. ज्या भीतीचा रोख जिवंत माणसावर किंवा प्राण्यावर वळू शकतो, ती गोष्ट वाचनालयात नको, हा निकष मी मान्य करतो. पण त्यावरून मुंजा आणि चकवा यांनाही हद्दपार करावे, असे होत नाही. पडक्या वाड्यातल्या किंकाळीचा शोध घेणाऱ्या मुलांना तिथे गव्हाणी घुबड सापडते आणि ते उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य वाचवते हे कळते, अशी गोष्ट द्यायला काय हरकत आहे?

प्रतिसाद : कथालेखक, धुळे
माझी हरकत आहे. प्रत्येक भूत शेवटी घुबड किंवा वाऱ्याने हलणारे धोतर निघू लागले, की पाचवीतले मूल तिसऱ्या पुस्तकात ती युक्ती ओळखते आणि पुन्हा त्या कपाटाकडे फिरकत नाही. गोष्टीतले भूत गोष्टीपुरते खरेच असू द्यावे. मात्र ते कशासाठी अडकून पडले आहे, हे लेखकाला ठाऊक असावे. मुंज झाल्यावर लग्नाआधीच गेलेला मुलगा म्हणजे मुंजा, असे लोक मानतात. म्हणजे तो वाचकाच्याच वयाचा असू शकतो. त्याला हाकलण्यापेक्षा त्याचे काय राहून गेले ते विचारणारी गोष्ट मुलांना अधिक हवीशी वाटते. पक्ष्यांची माहिती द्यायला पक्ष्यांची पुस्तके आहेत.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षिका, शहादा
मुंजाविषयीचे हे म्हणणे मला आवडले, तरी चौथीसाठी माझा नकार कायम आहे. एकट्याने वाचणाऱ्या त्या वयाच्या मुलाला 'गोष्टीपुरते खरे' ही सीमा पाळता येईलच, याची खात्री मी देणार नाही. सहावीपासून द्यावीत आणि पहिली गोष्ट शिक्षकांनी वर्गात मोठ्याने वाचावी, म्हणजे मुलांना लगेच प्रश्न विचारता येतील. ग्रंथमित्रांनी आपला निकष लिहून वाचनालयात लावावा. डाकीण आणि चेटकीण असलेली पुस्तके त्यानुसार आधी बाजूला काढावीत.