बाल्कनीत अर्जेंटिनाचा झेंडा लावला की देशप्रेम कमी होतं का?

सिडकोचा_दहा_नंबर:

मंडळी, शिव्या घालायच्या तर घाला पण उत्तरही द्या. २०२६ च्या जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप, आमच्या बिल्डिंगच्या पोरांनी वर्गणी काढून पार्किंगमध्ये पडदा लावायचं ठरवलंय, अर्जेंटिनाची पहिली मॅच अल्जेरियाशी आहे, आपल्याकडे १७ जूनला सकाळी साडेसहाला, म्हणजे फर्स्ट शिफ्टवाले सोडले तर बऱ्याच जणांना जमेल. त्या जोशात मी आत्ताच बाल्कनीत निळा-पांढरा झेंडा लावला, चांगला मोठा, २०२२ च्या फायनलच्या वेळी आणलेला, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीचा ग्रुप पेटला ना भो. एक काका म्हणे पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला खाली उतरत नाही आणि घरावर परक्या देशाचा झेंडा. दुसरे म्हणे आपल्या घरी कार्य नाही म्हणून दुसऱ्याच्या वरातीत किती नाचायचं.

आता क्रिकेटचं म्हणाल तर १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला आपण हरलो त्या रात्री मी जेवलो नव्हतो, त्यामुळे मला देशप्रेम कोणी शिकवू नये. पण फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये भारत कधी खेळलाच नाही, मग मी करू काय, मध्ये बसून दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवू? तशी मॅच बघण्यात काय मजा.

फक्त त्यातल्या एका काकांचा प्रश्न डोक्यात बसलाय. म्हणाले उद्या भारत-अर्जेंटिना मॅच लागली तर कुठला टीशर्ट घालशील? तोंडाने लगेच भारत म्हणालो. पण समोर मेस्सी असेल तर आतून काय होईल ते खरंच सांगता येत नाही. तुमचं काय होईल?

तिरकस_तात्या:

देशद्रोही वगैरे काही नाही रे, तो शब्द इतका स्वस्त झालाय की भाजीबरोबर फुकट देतील. पण "भारत खेळत नाही" हे तुला कोणी सांगितलं? भारत खेळतो, तू बघत नाहीस. गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं, १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने १-०, आणि २०२७ चा एशियन कप हातातून गेला. ग्रुपवर कोणी एक रडका इमोजी टाकला का? आयएसएल, म्हणजे आपली देशातली फुटबॉल लीग, होणार की नाही हेच महिनोन्‌महिने ठरत नव्हतं, खेळाडू हात जोडत होते, तेव्हा तुमची पार्किंगवाली पोरं कुठे होती?

आणि १४ डिसेंबरला मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा? हजारो रुपयांची तिकिटं काढून आपल्याच नाशिकहून लोक गाड्या करून गेले, माझ्या ओळखीचे आहेत. त्याच मैदानावर सुनील छेत्री पण होता. हा तोच छेत्री, ज्याने २०१८ मध्ये भारताचा कॅप्टन असताना अंधेरीला चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) हॅटट्रिक मारली, भारत ५-० जिंकला, आणि स्टेडियममध्ये माणसं किती, तर अडीच हजारांच्या आसपास. मग त्याने व्हिडिओ टाकला की बाबांनो आम्हाला शिव्या द्या पण तोंडावर येऊन द्या, तेव्हा कुठे केनियाची मॅच हाऊसफुल झाली. कॅप्टनला गर्दीसाठी हात जोडायला लागतात आणि तुम्ही म्हणता न्यूट्रल कसं बसू.

जाता जाता एक, ते "१९५० ला भारताला अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून वर्ल्ड कपला गेलो नाही" हे फॉरवर्ड परत इथे कोणी टाकू नका. बाकीचे देश माघार घेऊन बसले म्हणून आपला नंबर लागला होता, आणि आपल्या फेडरेशनला तेव्हा वर्ल्ड कपपेक्षा ऑलिम्पिक मोठं वाटायचं म्हणून गेलो नाही. ते पण अगदीच वेड्यासारखं नव्हतं, १९५६ ला मेलबर्नमध्ये आपण चौथे आलो. ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं त्यात नेव्हिल डिसोझाची हॅटट्रिक होती, आणि तो मुंबईत टाटांच्या टीमकडून खेळायचा. अर्जेंटिनाचा अख्खा बेंच तोंडपाठ असलेल्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

देवळालीची_अनु:

तात्या, तुमचं अर्धं पटलं. बाकी अर्ध्यात तुम्ही सोसायटीच्या काकांसारखेच बोलताय, फक्त आकडे जास्त.

मला एक सांगा, मेलबर्नला किंवा बर्मिंगहॅमला भारताची मॅच असली की तिथे जन्मलेली, तिथला पासपोर्ट असलेली आपली पोरं तिरंगा घेऊन ढोल बडवतात, ते टीव्हीवर बघून हेच काका ऊर भरून "बघा, मातीला विसरली नाहीत" म्हणतात ना? १९९० मध्ये इंग्लंडात नॉर्मन टेबिट नावाच्या नेत्याने नेमकं हेच काढलं होतं, की भारत-पाकिस्तानातून आलेले लोक क्रिकेटला कोणाच्या बाजूने ओरडतात त्यावरून ते इंग्लंडचे झाले की नाही ते कळतं. तेव्हा आपल्याकडच्यांना ते झोंबलं होतं आणि झोंबायलाच पाहिजे होतं. मग तीच परीक्षा सिडकोतल्या पोराची घ्यायची? आणि त्या पोराचं अर्जेंटिनाशी नातं तरी काय, ना नातेवाईक ना व्हिसा, त्याला फक्त एका माणसाचा डावा पाय आवडतो!

माझे पप्पा तोफखान्यात होते. त्यांची अर्जेंटिना १९८६ ची, दूरदर्शनवरची, मॅराडोनावाली. मेस्सी त्यांना फारसा आवडायचा पण नाही, म्हणायचे फार गुणी पोरगा आहे. ते मॅराडोनाच्या मागे का, तर क्वार्टर फायनलला त्याने इंग्लंडला हरवलं. चारच वर्षांपूर्वी १९८२ ला फॉकलंड बेटांवरून इंग्लंडशी युद्ध झालेलं, अर्जेंटिना हरलेली, आणि ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांना कोणीतरी हाताने एक आणि पायाने एक असे दोन गोल घालतंय, एवढं त्यांना पुरेसं होतं. आता ह्याला देशप्रेम म्हणायचं का परदेशप्रेम, तुम्हीच ठरवा. कॅम्पात आमच्याकडे मणिपूरचे, गोरखा, बंगाली जवान संध्याकाळी फुटबॉल खेळायचे, कोणी ब्राझीलचा पिवळा टीशर्ट घालायचं, कोणी जर्मनीचा. युनिफॉर्म काढून. त्यांना कोणी विचारत नव्हतं.

रंकाळ्याचा_राजू:

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीला अंबड एमआयडीसीत. तुम्हा नाशिककरांचा प्रॉब्लेम सांगू का भावा, तुमच्याकडं स्वतःची टीमच नाही. आमच्याकडं पोरगं जन्मलं की त्याचा संघ ठरलेला असतोय, पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, पेठ कुठली त्यावर. शाहू स्टेडियमला आमच्या मॅचला जी गर्दी असते ती बघितली तर तुमचे तात्या रडतील आनंदानं. आणि तीच माणसं वर्ल्ड कप आला की गल्लीत ब्राझील अर्जेंटिना जर्मनीचे झेंडे लावतात, भिंती रंगवतात, काटाकिर्र वाद होतात. आम्हाला कुणी देशद्रोही म्हणत नाही कारण सगळ्यांना माहीत हाय, हे भांडण अर्जेंटिनाचं नाहीच, ते शेजारच्या गल्लीचं हाय. समोरच्या मंडळाचं ब्राझील असलं की आपलं अर्जेंटिना, विषय संपला. मेस्सी नसता तरी तेच झालं असतं.

आणि त्यातनंच पोरं पण निघतात. २०१७ ला अंडर १७ वर्ल्ड कप भारतात झाला त्यात आमचा अनिकेत जाधव खेळला. तेव्हा तात्या, परक्याचा झेंडा लावला म्हणून घरचा फुटबॉल मरतो हे काय खरं नाही. मैदान नसलं की मरतो. नाशकात संध्याकाळी पोरांना खेळायचं तर तासाला पैसे मोजून टर्फ घ्या, नाहीतर क्रिकेटवाल्यांच्या पिचच्या कडंनं खेळा आणि बॉल लागला की शिव्या खा.

सिडकोचा_दहा_नंबर:

@राजू दादा टर्फचं एकदम बरोबर. @तात्या ढाक्याची मॅच मी बघितली होती, गोल अकराव्या मिनिटाला बसला आणि नंतर आपण नुसता बॉल वर उडवत होतो. बघून झाल्यावर जे वाटलं त्याला प्रेम म्हणत असतील तर मग प्रेम आहे. आणि तो टीशर्टचा प्रश्न सगळ्यांनी टाळलाय हे लक्षात आलंय माझ्या.

कलमं_वाचणारा:

झेंड्याचं कायद्याच्या अंगाने सांगतो, भावना बाजूला ठेवा. १९७१ चा कायदा आहे तो आपला राष्ट्रध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत यांच्या अवमानाबद्दल. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे तिरंग्याच्या वर किंवा त्याला खेटून दुसरा झेंडा लावायचा नाही. त्यामुळे "बॅलन्स" म्हणून त्याच काठीला तिरंगा बांधायला जाऊ नकोस, पुष्कळ जण नेमकं हेच करतात. बाकी बाल्कनीत काय लावायचं त्याचा सोसायटीचा काही ठराव असेल तर सेक्रेटरीकडून लेखी घे, ग्रुपवर वाद घालू नको.

नाशिकरोडचा_चेट्टा:

टीशर्टचा प्रश्न मी घेतो, मला सवय आहे. वडील केरळहून नोकरीला नाशिकरोडला आले, माझा जन्म इथला, शाळा मराठी, बायको निफाडची, आणि तरी आडनाव ऐकलं की समोरचा विचारतो "मूळचे कुठले". केरळात गेलो की मावशी म्हणते आला नाशिकवाला. त्यामुळे तू कोणाचा हे एका शब्दात सांग म्हणणाऱ्यांची मला आता गंमत वाटते.

केरळात २०२२ ला पुल्लावूरला नदीत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआऊट उभे केले होते, फिफाने पण फोटो टाकला होता. तेव्हा तिकडे पण काही धर्मवाल्यांनी बोंब मारली, की खेळाडूंची पूजा कसली करता आणि पोर्तुगालचा झेंडा कसा लावता, ज्यांनी आपल्यावर हल्ले केले त्यांचा? पोरांनी ऐकलं नाही. आता ऐका, तिकडे मिरवणूक कसलीही असो, उत्सवाची, इलेक्शनची, फुटबॉलची, जो ढोल वाजतो त्याला काय म्हणतात माहितीये? नाशिक ढोल! तिकडची मल्याळी पोरं अर्जेंटिनासाठी आपला ढोल वाजवतात आणि तिथे कोणी म्हणत नाही की हा महाराष्ट्राचा आहे, बंद करा.

भारत विरुद्ध अर्जेंटिना झाली तर मी भारताचा टीशर्ट घालीन आणि मेस्सीने गोल मारला तर ओरडीन. दोन्ही होईल. २ सप्टेंबर २०११ ला कोलकात्यात अर्जेंटिना-व्हेनेझुएला झाली, तेव्हा सॉल्ट लेक स्टेडियमला तुफान गर्दी होती, मॅच ओटामेंडीच्या एका गोलवर संपली, त्या मॅचमध्ये भारत नव्हताच तरी लोक घरी खुश गेले.

तिरकस_तात्या:

चेट्टा, तुम्ही बोललात म्हणून ऐकतो. पण मग रायन विल्यम्सचं काय म्हणाल? पोरगा ऑस्ट्रेलियात जन्मला, ऑस्ट्रेलियाकडून एक मॅच खेळला पण होता, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, परदेशी पासपोर्टवर भारताकडून खेळता येत नाही, म्हणून त्याने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला आणि भारताचा घेतला. का, तर १३० च्या पुढे रँकिंग असलेल्या टीमकडून खेळायला! ढाक्याच्या मॅचला कागदपत्रांमुळे उतरता आलं नाही ते वेगळं. कोणीतरी आपली टीम निवडतंय, आणि आपण तिची फिक्स्चर पण बघत नाही, एवढंच माझं म्हणणं. झेंडा लाव रे बाबा तू.

नाशिकरोडचा_चेट्टा:

तात्या, त्याचा तो पासपोर्ट छापला कुठे? आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. अख्ख्या देशाचे तिथेच छापतात, वडील त्याच प्रेसमध्ये होते.

बाकी भारताची पुढची मॅच लागली की इथे लिंक टाका, आणि दहा नंबर, पार्किंगमधल्या पडद्यावर ती पण लावणार असशील तर वर्गणी माझ्याकडून पण घे. सकाळी साडेसहाच्या मॅचला चहा कोण करणार ते मात्र आधी ठरवा.