महसीरची बोटुकली नदीत सोडताय? आई कुठल्या नदीची, ते आधी सांगा

नदीकाठ
गेल्या पावसाळ्यात आमच्या जवळच्या धरणात महसीर या गोड्या पाण्यातल्या मोठ्या माशाची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली. फोटो निघाले, किती हजार सोडली तेही सांगितलं. मी एवढंच विचारलं, की ही अंडी कुठल्या नदीतल्या मादीची? कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही, कारण कावेरीत काय घडलं ते मी वाचलेलं आहे.

लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी दख्खनी महसीरचं बीज तयार करण्याचं तंत्र बसवलं, आणि टाटांच्या केंद्राने ते पुढे नेलं. फार मोठं काम आहे ते, त्याबद्दल आदरच आहे. पण तिथलं बीज कावेरीतही गेलं. कावेरीचा स्वतःचा महसीर निराळा, पाठीला उंचवटा आणि पर नारिंगी. १९४६ साली काबिनी या कावेरीच्या उपनदीत असा १२० पौंडांचा मासा गळाला लागला होता. कावेरीच्या एका पट्ट्यातल्या गळवाल्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या, तर निळ्या पराचे पाहुणे, म्हणजे बाहेरून सोडलेले दख्खनी महसीर, वाढत गेलेले आणि घरचा मासा जवळजवळ दिसेनासा झालेला. हा घरचा मासा म्हणजे टॉर रेमादेवी, हे पक्कं ठरलं २०१८ मध्ये. आज तो अतिसंकटग्रस्त आहे.

हॅचरी, म्हणजे माशांचं बीज तयार करणारं केंद्र, नको असं मी म्हणत नाही. पण तिचं नियोजन नदीनिहाय हवं. ज्या नदीत सोडायचं, त्याच नदीच्या माद्या.

हॅचरीवाला
मी हे काम हाताने करतो, म्हणून बोलतो. पहाटे मादी ओल्या फडक्यात धरून पोटावरून हलकेच बोटं फिरवली की लिंबासारखी पिवळी अंडी ताटात उतरतात. त्यावर नराचं वीर्य, पिसाने ढवळायचं, पाणी त्यानंतर. मग वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये तीन-चार दिवस पहारा. एका अंड्याला बुरशी आली आणि चिमट्याने उचलायचं राहिलं, की शेजारची गेलीच. रोहू किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते, महसीर काही हजार. अशा माशाच्या नदीनिहाय पंचवीस-पंचवीस माद्या मी आणू कुठून?

सायक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून दख्खनी महसीरला ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिलं. आज संगमावर जाऊन उभे राहा, वास घ्या, आणि मला सांगा तिथली कोणती मादी राखायची. वंश शुद्ध ठेवण्याच्या नादात मासाच हातचा जाईल. आणि कावेरीत धरणं बांधली, वाळू उपसली, जिलेटीनच्या कांड्या फोडल्या, त्याचं काय? सगळं आमच्या बोटुकलीच्या माथी मारू नका. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत खुद्री आज धोक्याबाहेर आहे, हेही लिहायचं होतं.

नदीकाठ
धरण-वाळूचं मान्य, मी ते लिहायला हवं होतं. पण यादी सगळ्या जातीचा हिशेब करते, एकेका नदीतल्या वंशाचा नाही. आणि दोन-चार माद्यांची पन्नास हजार पिल्लं म्हणजे एका घरातली भावंडं. पुढच्या पिढीत तीच आपसात वितात. संख्या दिसते, पण वंश कमजोर होत जातो. शिवाय लोणावळ्यात उत्तरेकडचा पुटिटोरा जातीचा महसीरही आणून त्याचे संकर झाले होते. मग बोटुकली कुणाची, हे विचारायला नको?

महाडकर
तुमच्या वादात आमच्या वाळणकोंडाचं नाव कसं कुणी घेत नाही? काळ नदीचा हा डोह देवीचा, गळ टाकायचा नाही हा नियम आजोबांच्या आधीपासूनचा. चुरमुरे टाकले की हातभर मासे वर येतात, पाणी काळं दिसायला लागतं. इथे हॅचरी नाही, खर्च नाही. पहिल्या पावसात वलगण लागते तेव्हा मासे ओढ्यांनी वर चढतात. तेवढी वाट मोकळी ठेवा, बंधारा घालताना चढणीला जागा सोडा. बाकीचं नदी करते.

हॅचरीवाला
कोंड राखताय, हात जोडतो तुम्हाला. पण वरच्या अंगाला कुणी एका रात्री ब्लिचिंग पावडर ओतली तर? एकाच डोहात सगळा वंश आणि बाहेर कुठे जोडी राखलेली नाही, याची मला भीती वाटते. अशाच दिवसासाठी हॅचरी असते.

नदीकाठ
मग त्याच दिवसासाठी ठेवू या! जिथे घरचा मासा टिकून आहे तिथे सोडायचं नाही. आणि प्रत्येक खेपेला वहीत लिहायचं, मादी कुठल्या डोहातली, माद्या किती, नर किती. प्रत्येकीच्या पराचा छोटा तुकडा स्पिरिटमध्ये. उद्या कुणी वंश तपासायचा म्हटला तर निदान काही हाताशी असेल.

हॅचरीवाला
पराचा तुकडा ठेवायला काही पैसे पडत नाहीत. येत्या आषाढापासून करतो, वहीही घालतो. पण ज्या धरणात आज फक्त चिलापीच उरली आहे, तिथे सोडणं मी थांबवणार नाही. हे पटत नसेल तर नसू दे.

महाडकर
सोडा. फक्त आमच्या कोंडात नको. फोटोसाठीसुद्धा नको.